काश्यप गोत्राचा थॉमस

चारुदत्त खांबेटे यांनी उभा जन्म दुसऱ्यांकडे लेखी उत्तरे मागण्यात घालवला. आणि ज्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःला द्यायचे आले, त्या प्रश्नासमोर मात्र ते एखाद्या सरकारी खात्यासारखे मूग गिळून बसले. प्रश्न साधा होता. थॉमस ब्रेनन तुमचा कोण?

पण प्रश्नाआधी माणूस कळला पाहिजे.

चारुदत्त इतिहासाचे एम. ए. होते, तेही पहिल्या वर्गात. त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. ती जागा कोणाच्या तरी जावयाने भरली आणि चारुदत्तांच्या वाट्याला एका संचालनालयातली खुर्ची आली. छत्तीसगढ वेगळे होऊन रायपूर राजधानी झाले, तेव्हा त्यांनीही ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आपल्या मोहल्ल्यात, घरोघर पेढे वाटले होते. पुढे या गोष्टीची कोणी आठवण करून दिलेली त्यांना खपत नसे. राजधानी झाली म्हणजे झाले काय? घरापुढची नाली जिथे तुंबत होती तिथेच तुंबत राहिली. तिच्याबद्दल ज्याच्याकडे तक्रार करायची त्या साहेबाचे पदनाम तेवढे लांबले. मग कचेऱ्या उचलून नव्या रायपुरात नेल्या. तेव्हापासून रोज सकाळी कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये बसायचे, माणसांपेक्षा दुभाजकावरची झाडे जास्त अशा रस्त्यांवरून जायचे, आणि काचेच्या इमारतीत बसून जुन्याच फायलींवरची जुनीच धूळ झटकायची, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, तेव्हा या माणसाला साक्षात देव भेटला. नाली, नळ, विजेचे खांब, रस्त्यावरचा खड्डा बुजवून पुन्हा तोच खणण्याचे कारण, यांवर त्यांनी अर्जांचा पाऊस पाडला. अर्जाची भाषा अशी निर्दोष की एखादा स्वल्पविरामही जागा सोडून बसलेला नसे. कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना पाहून विचारी, "खांबेटे भैया, आज किस पे केस है?" आणि ते खरोखरच सांगत. उत्तर बहुधा एकच येई : अभिलेख उपलब्ध नाही. ते वाक्य वाचले की चारुदत्तांच्या कपाळाची शीर उडू लागे. "ज्या राज्याला स्वतःचे कागद सांभाळता येत नाहीत, त्याला स्वतःचा इतिहास नसतो," असे ते म्हणत, आणि पत्नी पूर्णिमा म्हणे, "इतिहास असो का नसो, गॅस संपला आहे."

घरात चौघे : चारुदत्त, पूर्णिमा, खासगी कंपनीत नोकरी करणारी मुलगी गंधाली, आणि ऐंशी उलटलेल्या मीराबाई, चारुदत्तांच्या आई. मीराबाईंचे कान तल्लख होते, जीभ त्याहून तल्लख, आणि डोळे घारे. चारुदत्तांनाही तेच डोळे मिळाले होते. कोकणस्थांच्या घरात घारे डोळे म्हणजे काही नवलाई नव्हे, म्हणून त्या डोळ्यांचा विचार कोणी कधी केला नव्हता. निदान चारुदत्तांची समजूत तशी होती.

आता थॉमस.

सर्वपित्री अमावस्येला चारुदत्त गच्चीवर बसून पितरांना पाणी देत. जानवे उजव्या खांद्यावर घ्यायचे, हातात दर्भ आणि काळे तीळ, आणि एकेक नाव, गोत्र, नाते उच्चारून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी सोडायचे. ही नावांची माळ त्यांना वडिलांनी, नानांनी, लहानपणी तोंडपाठ करून दिली होती. तिला क्रम असतो. आधी बाप, आजा, पणजा, मग घरच्या स्त्रिया, मग आईकडचे, मग काका, मामा, आत्या, मग सासरे, मग गुरू, आणि सर्वांत शेवटी आप्त, म्हणजे जे रक्ताचे नाहीत पण ज्यांना विसरून चालत नाही असे लोक. नाना या माळेत सासऱ्यांच्या जागी दोन नावे घेत. एक, काश्यप गोत्राचे यशवंतराव गानू, म्हणजे मीराबाईंचे वडील. आणि त्यांच्या पाठोपाठ, तशाच गंभीर आवाजात : काश्यप गोत्राचा थॉमस.

नाना गेल्यावर माळ एक पिढी सरकली. वडिलांचे सासरे ते मुलाचे आईकडचे आजोबा, म्हणून चारुदत्तांनी यशवंतरावांना वर, आजोबांच्या जागी नेले. सासऱ्यांच्या जागी पूर्णिमाचे वडील आले. थॉमसला मात्र कुठे न्यायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी त्याला जिथल्या तिथे राहू दिला : सासऱ्यांच्या खाली, गुरूंच्या वर. वर्षानुवर्षे ते नाव ते घेत आले. एवढा इतिहासाचा एम. ए., पण हा थॉमस इथे काय करतो, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. घरातल्या गोष्टीला अर्ज कोण करतो?

गडबड गंधालीने केली. एके दिवशी ती फोन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, वो आप हर साल थॉमस बोलते हो ना, वो थॉमस ब्रेनन था क्या?"

"ब्रेनन साहेब म्हणत असत त्यांना. काहून?"

"आयर्लंडची एक आंटी त्याला ढूंढून राहिली आहे. पुरानी रेल्वेवाल्यांचा ग्रुप आहे, त्याच्यात लिहिलं तिनं. रायपूरमध्ये मेला, नायन्टीन थर्टी सिक्स. मी लिहून टाकलं, माय फादर गिव्हज हिम वॉटर एव्हरी इयर."

"लिहून टाकलं? मला न विचारता?"

"तो क्या हुआ? सच ही तो लिखा."

त्या बाईंचे नाव ऊना. वय सत्तर, कार्लो परगण्यातली निवृत्त परिचारिका. तिने चारुदत्तांना सविस्तर पत्र पाठवले. थॉमस हा तिच्या आईचा बाप. रायपूरहून धमतरीला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या मार्गावर तो निरीक्षक होता. एकदा रजेवर घरी आला आणि परत गेला, त्यानंतर त्याची मुलगी जन्मली. त्याने तिला कधी पाहिले नाही. बरीच वर्षे पत्रे येत राहिली, मग बंद झाली. ऊना त्याचा माग काढू लागली, तर तिच्या देशातली जुनी दप्तरे डब्लिनच्या लढाईत, एकोणीसशे बावीस साली, जळून राख झालेली. हाती लागली ती चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची एक नोंद, आणि लंडनच्या कपाटातून रेल्वेच्या सेवापुस्तकाची एक ओळ : ज्वराने मृत्यू, रायपूर. थडगे कुठे आहे, शेवटी जवळ कोण होते, काही नाही.

चारुदत्तांना पत्र वाचून वाईट वाटायला हवे होते. त्यांना आनंद झाला. पदवी मिळाल्यापासून कोणीतरी पहिल्यांदाच त्यांना इतिहासाचे काम सांगितले होते. त्यांनी रजा टाकली. ख्रिस्ती दफनभूमीत गेले, तर त्या वर्षांची नोंदवही वाळवीने खाल्लेली. रखवालदाराने पुठ्ठा दाखवला, आत माती. रेल्वेचे जुने कागद काही नागपूरला गेले, काही कलकत्त्याला, आणि उरलेले, एका म्हाताऱ्या बाबूच्या म्हणण्याप्रमाणे, "रद्दी में, साहब, और कहाँ." चारुदत्तांनी ऊनाला लिहिले : तुमच्याकडे आगीने खाल्ले, आमच्याकडे वाळवीने, आमची पद्धत सावकाश आहे, एवढाच फरक.

त्या दोघांची अशी छान गट्टी जमली असता तिचे दुसरे पत्र आले. तिने विचारले होते : तुम्ही त्याला पाणी देता असे कन्या म्हणाली. मी वाचले की हे पाणी पूर्वजांना देतात. तुम्ही स्पष्ट सांगितलेत तर उपकार होतील. त्याचा तिथे दुसरा संसार होता का? थॉमस ब्रेनन तुमचा कोण?

हे पत्र चारुदत्तांनी पूर्णिमाला वाचून दाखवले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबवून म्हणाली, "बरोबरच विचारते बाई. आपण काहून देतो हो त्याला पाणी?"

"नानांना आजीने सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

चारुदत्तांनी जे ऐकले होते ते सांगितले. यशवंतराव गानू त्या साहेबाच्या हाताखाली लेखनिक होते. साहेबाला ताप भरला, तेव्हा त्याला यशवंतरावांच्या घरी आणले. यशवंतरावांच्या पत्नी अंजनाबाई यांनी त्याचे केले, आणि तो तिथेच गेला. पुढच्याच वर्षी यशवंतरावही गेले. मीरा तेव्हा पाळण्यात. अंजनाबाईंना मुलगा नव्हता. म्हणून मीरेच्या लग्नात त्यांनी जावयाजवळ एकच मागणे मागितले : पाणी द्यायला मला कोणी नाही, माझ्या घरची दोन नावे तुम्ही घेत जा.

"माझ्या घरची?" पूर्णिमा म्हणाली. "दोन्ही?"

आणि ती पुन्हा पोळी लाटू लागली. ती आणखी काही म्हणाली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून चारुदत्तांचे डोके ठिकाणावर राहिले नाही. 'माझ्या घरची' म्हणजे काय? घरात मेला म्हणून घरचा? की... पुढचे वाक्य ते मनातही पुरे करीत नसत. काश्यप गोत्रानेही काही उलगडेना. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला शास्त्राने काश्यप गोत्र लावतात, म्हणजे थॉमस परका. पण गानूंचेही गोत्र काश्यपच, म्हणजे थॉमस घरचा! जो पुरावा घ्यावा तो दोन्ही पक्षांकडून साक्ष देई. दाढी करताना ते आरशात आपले घारे डोळे पाहत आणि गालावर कापून घेत. बसमध्ये नव्या रायपूरच्या रिकाम्या रस्त्यांकडे पाहता पाहता त्यांच्या मनात येई : ऐंशी वर्षांची म्हातारी आई. तिच्या आईच्या अब्रूवर आता, या वयात, आपण बोट ठेवायचे? एका परदेशी बाईच्या समाधानासाठी? आणि समजा निघालेच तसे, तर आईला कोणत्या तोंडाने सांगायचे?

गंधालीने मधल्या काळात इंटरनेटवर सगळे वाचून ठेवले होते. "बाबा, सुनो तो. तो जर आजीचा बाप निघाला, तर तुम्हाला आयरिश पासपोर्ट मिळू शकतो. मला नाही मिळत! जिसको जाना है उसको नहीं, और जो पारा छोड़के समता कॉलोनीपर्यंत जात नाही, त्याला युरोप!"

"गंधाली, ही थट्टेची बाब नाही."

"मी कुठे थट्टा करून राहिली? मी रडून राहिली."

ऊनाला उत्तर गेले नाही. तिचे तिसरे पत्र आले, नम्र स्मरणपत्र. चारुदत्तांनी लिहिले : आपला विषय विचाराधीन आहे. लिहून झाल्यावर वाक्य पुन्हा वाचले, आणि हे वाक्य आपण कुठे वाचले आहे ते त्यांना चांगले आठवले. तरी तेच पाठवले.

ऊना वाट पाहत बसणाऱ्यांपैकी नव्हती. गंधालीशी तिचा स्वतंत्र पत्रव्यवहार चालू होताच. ऊना सर्वपित्रीच्या सकाळी ब्राह्मणपाऱ्यात रिक्षातून उतरली : उंच, वाकलेली, पांढरे आखूड केस, पायात पुरुषी बूट. तुंबलेली नाली तिने लांब टांगेने ओलांडली. चारुदत्तांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती नालीची शरम होती की उत्तर न दिल्याची, हे त्यांचे त्यांना कळले नाही.

ती गच्चीवर एका खुर्चीत बसून सगळे पाहत राहिली. चारुदत्त ओळीने नावे घेत गेले आणि त्या जागी आले. काश्यप गोत्राचा थॉमस. पाणी पडले. ऊनाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. कावळ्याने घास नेल्यावर खाली येऊन सगळे बसले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "आता सांगाल का, हे तुम्ही कशासाठी करता?"

चारुदत्तांनी इंग्रजीत, फार जपून, एकेक शब्द जुळवीत सांगितले की आमच्याकडे काही पाणी रक्ताच्या नात्याने देतात, आणि काही, ज्यांना देणारे कोणीच नसते अशांना देतात.

"देणारे कोणीच नसते?" ऊना म्हणाली. "त्याला मुलगी होती, श्री. खांबेटे. माझी आई. ती म्हातारी होऊन मेली, पण दाराकडे पाठ करून कधी बसली नाही. तिच्या बापाला कोणी नव्हते, असे म्हणू नका. आम्ही होतो. तोच आला नाही. का आला नाही, तेवढे मला पाहिजे."

ऊनाने पिशवीतून एक लहानशी नळी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात लाळ भरून प्रयोगशाळेत पाठवली, की आपले आणि देणाऱ्याचे रक्त एका कुळातले आहे का ते कळते, असे तिने सांगितले. सक्ती नाही, म्हणाली. पण ती हे मागण्यासाठीच एवढ्या लांब आली होती, हे उघड होते.

"हे शक्य नाही," चारुदत्त म्हणाले. "आज तर नाहीच. काही कौटुंबिक, धार्मिक..."

"काय आहे तं हे?" कोपऱ्यातल्या दिवाणावरून मीराबाईंनी विचारले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पण चेहरे वाचता येत होते. "काहून तोंड पाडून बसला रे तू?"

"काही नाही, आई. तू पड जरा."

"गंधाली, तू सांग."

आणि चारुदत्त डोळ्यांनी नको नको म्हणत असता त्या पोरीने आजीला सगळे सांगून टाकले. हिंदीत, मराठीत, हातवारे करून. पूर्णिमाने पदर तोंडाशी नेला. आता आईला काय वाटेल या भीतीने चारुदत्तांनी मान खाली घातली.

"आण इकडे ती नळी," मीराबाई म्हणाल्या.

"आई! घरात पितृपक्ष आहे!"

"मंग? पितरांचाच तं विषय चालू आहे."

"अगं, आजीची काही अब्रू..."

"माझी आई होती ते. तुझ्यापेक्षा जास्त काळजी मले आहे तिच्या अब्रूची." मीराबाई उठून बसल्या. "शाळेत पोट्ट्या मले काय म्हणायच्या, माहीत आहे तुले? मेमसाहेब. एक दिवस आईले विचारलं, मी कोणाची? ते काही बोलली नाही. रागावलीबी नाही. सूप दिलं माझ्या हातात अन् म्हणे, तांदूळ निवड. त्याच्यानंतर मी जन्मात विचारलं नाही. पण आरसा तं रोजच पाहत होती ना, बापा? तू कलेक्टरले विचारते, नगर निगमले विचारते. मले कधी विचारलं, आई, तुले जाणून घ्यायचं आहे का म्हणून?"

चारुदत्तांनी ते विचारले नव्हते. ते ज्या गोष्टीपासून आईला वाचवत होते, ती गोष्ट आई शाळेपासून उराशी घेऊन बसली होती, हे डोक्यात शिरायलाच त्यांना वेळ लागला.

पुढे एक वेगळीच पंचाईत झाली. मीराबाईंचे तोंड कोरडे. नळीत काही पडेना. आणि चाचणीआधी खायला-प्यायला बंदी.

"आजी, इमली सोचो, इमली!" गंधाली म्हणाली. "कच्ची, नमक लगाके."

"दात नाही अन् चिंच दाखवते का गं मले?" असे म्हणता म्हणता मीराबाईंच्या तोंडाला पाणी सुटले. ऊनाने नळी धरली होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे मनगट धरून, नळीवर वाकून, लहान मुलींसारख्या हसत होत्या. "आपलं उष्टं सातासमुद्रापार चाललं," मीराबाई म्हणाल्या. "काशीलेबी नाही गेली मी."

ऊना नळी घेऊन गेली. दिवाळी झाली, थंडी पडली. घरात त्या विषयावर कोणी बोलत नसे, पण मीराबाई गंधालीला कामावरून आल्याबरोबर विचारीत, "आलं का?" एक गोष्ट चारुदत्तांना दिसली आणि ती त्यांना आवडली नाही. आई ऊनाचा उल्लेख 'माझी भाची' असा करू लागली होती. शेजारणीशी बोलताना सुद्धा.

मकरसंक्रांतीच्या सुमारास निकाल आला. गंधालीने फोन आधी स्वतः वाचला, मग आजीजवळ जाऊन बसली. "आजी, कुछ नहीं निकला. ऊना आंटीचं अन् तुमचं काहीच जुळत नाही. तो तुमचा कोणी नव्हता."

चारुदत्तांच्या छातीवरून धोंड उतरली. आजीची अब्रू, आईचे नाव, त्यांचे कुळ, सगळे जिथल्या तिथे. त्यांनी पूर्णिमाला चहा टाकायला सांगितले. चहा येईपर्यंत हे समाधान टिकले.

"पुन्हा पाह्य," मीराबाई म्हणाल्या.

"आजी, इसमें दोबारा नहीं होता."

मीराबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. संध्याकाळी उठल्या, तेव्हा त्यांचे घारे डोळे सुजलेले होते. "मंग तो आमच्या घरी मेला काहून?" त्या कोणालाच उद्देशून विचारीत नव्हत्या. "दवाखाना होता. साहेबलोकांचा बंगला होता. आमच्या दोन खोल्यांत काहून आणलं त्याले? अन् आईनं त्याचं नाव काहून ठेवलं घरात?"

हो असे उत्तर आले असते तर आईला कसे सावरायचे, याची तयारी चारुदत्तांनी मनातल्या मनात अनेकदा केली होती. नाही या उत्तरावर ती रडेल, हे त्यांच्या कल्पनेतही नव्हते. मग तिला हवे तरी काय होते? तिला बाप हवा होता, तर यशवंतराव होतेच की! पण यशवंतरावांनाही तिने पाहिले नव्हते. पाळण्यातल्या पोरीच्या हाती दोन नावे आली होती, आणि त्यांतल्या एकाचा माग निघण्याची आशा ऐंशी उलटल्यावर लागून मोडली होती.

ऊनाचे पत्र दोन दिवसांनी आले. त्यात तिने आभार मानले होते आणि पुढे लिहिले होते : तिथे त्याचा दुसरा संसार असेल या भीतीने मी आले होते. तो नव्हता, हे कळल्यावर मला बरे वाटायला पाहिजे. उलट मला त्याचा जास्त राग आला आहे. दुसरे घर असते तर निदान कारण तरी असते. मग तो कोणासाठी राहिला?

चारुदत्त ते पत्र घेऊन बसले. त्यांनी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. यशवंतराव आणि थॉमस जिवलग मित्र असतील. किंवा साथ असेल आणि इस्पितळात जागा नसेल. किंवा अंजनाबाईंच्या मनात काही असेल, जे मनातच राहिले. त्याची नोंद रक्तात होत नाही आणि रजिस्टरातही नाही. किंवा यांतले काहीच नसेल, एक तापलेला माणूस दारात आला आणि त्याला आत घेतले, एवढेच असेल. त्यांनी रेल्वेला अर्ज केला. उत्तर आले : अभिलेख उपलब्ध नाही. या वेळी त्यांच्या कपाळाची शीर उडाली नाही. ऊनाला त्यांनी खरे ते लिहिले, की मला कळत नाही. असे वाक्य त्यांनी याआधी कोणत्याही पत्रात लिहिले नव्हते, आणि ते निर्दोष लिहिता आले याचा अभिमानही त्यांना वाटला नाही.

वर्ष फिरून सर्वपित्री आली. ऊनाच्या घरच्यांनी तिकडे थॉमसच्या बायकोच्या थडग्यावर त्याचेही नाव कोरून घेतले होते. तिने फोटो पाठवला होता. म्हणजे आता त्याला देणारे कोणी नाही, असेही म्हणता येत नव्हते. सकाळी मीराबाई लाल भोपळा चिरीत बसल्या होत्या. चारुदत्त सोवळे नेसून दारात घुटमळले.

"आई, आता थॉमसचं नाव घ्यायचं का?"

"काहून नाही घ्यायचं?"

"नाही, म्हणजे... रक्ताचा नाही, हे सिद्ध झालं. तिकडे त्याची माणसं आहेत, त्यांनी नाव घातलं."

मीराबाईंनी विळीवरून मान वर केली नाही. "आता तं पक्कं झालं ना, तो आपला कोणी नव्हता? मंग तं द्यावंच लागते. आपल्या माणसाले काय, कोणीबी देते."

"पण मग कोणत्या जागी घेऊ? सासऱ्यांनंतर, का शेवटी, आप्तांत?"

"ते तू तुझ्या शास्त्राले विचार. मले भोपळा चिरू दे. कावळे वाट पाहून राहिले."

चारुदत्त गच्चीवर गेले. बाप, आजा, पणजा झाले. यशवंतराव झाले. काका, मामा झाले. पूर्णिमाचे वडील झाले. आणि नेहमीच्या जागी येताच ते अडले. इथे घ्यावे, तर हा गुरू नव्हे, आणि नानांचा सासराही नव्हे हे आता प्रयोगशाळेने सांगितलेले. खाली न्यावे, तर नानांनी दिलेली आणि आजीने मागितलेली जागा आपण कोणत्या अधिकाराने बदलणार? विचार करता करता हातातले पाणी बोटांमधून निघून गेले. नाव तोंडातच राहिले. त्यांनी पुन्हा पाणी घेतले, आणि जुन्या जागी नाव उच्चारून सोडले. मग गुरू झाले. मग अगदी शेवटी, आप्तांच्या ओळीत, त्यांनी आणखी एकदा तीळ घेतले, पाणी घेतले, आणि तेच नाव उच्चारले.

पान वाढून घेऊन आलेली गंधाली कठड्याशी उभी होती.

"बाबा, थॉमस दो बार हो गया."

"माहीत आहे मला," चारुदत्त म्हणाले. "तू आधी कावळ्याकडे बघ."